जमिनीचा दावा लावला, तसा दवाखान्याचाही लावा

(संपादकीय. ज्याला वाचता येतं त्याने पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं. म्हाताऱ्या माणसांना पुढं बसवावं.)



दिवाळी झाली, भात झोडून झाला, की सुरगाणा-पेठकडची आपली माणसं घाट चढून निफाडच्या बागांत येतात. द्राक्षाचं फेलफूट काढायचं, डिपिंग, थिनिंग करायचं, पुढं खुडा. सायखेड्याला गोदावरीच्या काठानं मळ्यामळ्यात आपली बिऱ्हाडं पडलेली असतात. कुणी पत्र्याच्या शेडात, कुणी प्लास्टिक ताणून. म्हातारी माणसंही संगं येतात. पाड्यावर त्यांना बघायला मागं कोण राहणार? आणि तान्ही लेकरं सांभाळायला आजी लागतेच.

यंदा आम्ही वनहक्काच्या दाव्यांचे राहिलेले कागद गोळा करायला सायखेड्याच्या बिऱ्हाडांवर फिरलो. विचारायला गेलो जमिनीचं आणि गोष्ट निघाली दवाखान्याची. एका ठिकाणी नाही, जिथं बसलो तिथं निघाली. म्हणून या अंकाचं संपादकीय दवाखान्यावर आहे. पण शेवटपर्यंत ऐका. हेही जमिनीचंच आहे, असं तुम्हीच म्हणाल.

एका घराची गोष्ट

आपल्यातलंच एक घर. नाव सांगत नाही, कारण अशी घरं पुष्कळ आहेत. म्हातारा सत्तरी पार केलेला. मळ्यात पहाटेच्या अंधारात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पोरानं मिळेल त्या गाडीत घातलं आणि रस्त्यावरच्या पहिल्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथं आधी अनामत मागितली. पोरगा मुकादमाकडं गेला आणि साठ हजारांची उचल घेतली. तीन दिवसांनी कुणीतरी विचारलं, "अरे, योजनेत का नाय नेलं?" तो दवाखाना योजनेत नव्हताच. मग म्हाताऱ्याला नाशिकला योजनेतल्या दवाखान्यात हलवलं. तिथं ऑपरेशन झालं, एक पैसा लागला नाही. पण उचल आधीच घेतली होती आणि ती पहिल्या तीन दिवसांतच संपली होती.

आम्ही त्या पोराला विचारलं, "कार्ड नव्हतं का?"

तो म्हणाला, "रेशनकार्ड हाय ना. पण ते घरी पेटीत हाय. आणि त्याच्यावर दवाखाना होतो हे मला कुणी सांगितलंच नाय."

पुढचं ऐका. उचल फेडायला तो पोरगा आणि त्याची बायको पावसाळा तोंडावर आला तरी गावी गेली नाहीत. प्लॉट पेरायचा राहिला. त्याच दिवसांत दाव्याची जागेवर पाहणी झाली. जागेवर माणूस नाही, पीक नाही. आणि हा म्हातारा काय फक्त एका घराचा म्हातारा होता? पाड्यावरच्या चार-पाच दाव्यांत "ही जमीन हे लोक बापजाद्यांपासून कसतात" असं सांगणारा तोच एक होता. तो खाटेला खिळला होता आणि त्याचा जबाब कुणी लिहून घेतलेला नव्हता.

म्हणजे एक हाड मोडलं आणि त्यात एका घराची पेरणी गेली, दावा अडकला, चार घरांचा साक्षीदार गेला. आता सांगा, दवाखाना आणि जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

विकता येत नाही, तरी जाते

२००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ती फक्त वारसांकडे जाते. कायद्याच्या कलम ४ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ही तरतूद आपल्या भल्यासाठी आहे. पण आजारपणाला कलम कळत नाही. सावकार जमीन लिहून घेऊ शकत नाही, तर तो माणूस लिहून घेतो. उचल म्हणजे तेच आहे. नाहीतर बाँड पेपरवर "पाच वर्षं तुम्ही कसा" असं लिहून प्लॉट बाहेरच्याच्या हातात जातो. कागदावर नाव आपलं राहतं, ताबा दुसऱ्याचा होतो. आपला सगळा लढा ताब्यावर उभा आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा आहे हे दाखवायला आपण वर्षानुवर्षं झिजलो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या मोर्चात म्हाताऱ्या बाया होत्या, त्यांच्या पायांची सालं निघाली होती. एवढं चालून राखलेला ताबा एका ऑपरेशनच्या बिलात घालवायचा का?

ज्या कागदाने हे थांबू शकतं तो कागद आज आहे. तो फुकट आहे. आपल्याला तो नीट माहीत नाही, एवढीच अडचण आहे. म्हणून पुढं एकेक करून सांगतो. तीन दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा : सरकारी दवाखाना

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार फुकट केले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, सगळीकडे. केसपेपरचेही पैसे नाहीत. इथं कार्ड असो नसो, उपचार मिळाला पाहिजे. साखर आणि बीपीच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन जिल्हा रुग्णालयात फुकट होतं. म्हातारपणातली निम्मी दुखणी याच दरवाजातून भागतात. तिथं औषध नाही म्हणून बाहेरून आणायची चिठ्ठी दिली, तर ती चिठ्ठी जपून ठेवा. तो तक्रारीचा पुरावा आहे.

दुसरा दरवाजा : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना

ही राज्य सरकारची योजना. आधी तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होतं. २ जुलै २०१२ ला ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. तेव्हा पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांसाठी होती आणि वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार व्हायचे. त्यामुळे आपल्यात अजून पुष्कळ जण "ती पिवळ्या कार्डाची योजना" असंच म्हणतात. ते आता जुनं झालं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडलेल्या या योजनेची व्याप्ती वाढवली गेली आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, कार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं, वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचा उपचार आहे. त्या निर्णयात १३५६ उपचार धरले आहेत. हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, किडनीचं डायलिसिस, अपघातात मोडलेलं हाड, हे सगळं त्यात येतं.

पाच लाख हे घरातल्या सगळ्यांचे मिळून आहेत, एकेकाचे वेगळे नाहीत. आणि हे पैसे आपल्या हातात येत नाहीत. दवाखान्याला सरकारकडून परस्पर मिळतात. म्हणून "योजनेचे पैसे खात्यावर आणून देतो, एवढे हजार द्या" असं कुणी म्हणालं तर समजा की तो फसवतोय.

म्हाताऱ्यांसाठी यात वयाची अट नाही. साठीचा असो, पासष्टीचा असो, घराच्या रेशनकार्डावर नाव पाहिजे. इथंच आपलं अडतं. पोरं वेगळी झाली, नवीन कार्डं काढली, आणि म्हाताऱ्याचं नाव कुठंच राहिलं नाही, अशी घरं आम्ही स्वतः बघितली. मोठा म्हणतो धाकट्याच्या कार्डावर असेल, धाकटा म्हणतो मोठ्याच्या. आज घरी गेल्यावर पहिलं काम हेच करा. पेटीतून कार्ड काढा आणि आईबापाचं नाव बघा.

तिसरा दरवाजा : सत्तरीच्या पुढचं कार्ड

२९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये घेतलं. गरीब-श्रीमंत बघायचं नाही. याला आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात. आपल्या कामाची गोष्ट अशी, की ज्या घराला आयुष्मान भारतचे पाच लाख आधीच आहेत, त्या घरातल्या सत्तरीपुढच्या माणसाला वर वेगळे पाच लाख मिळतात. ते घरातल्या तरुण माणसांमध्ये वाटायचे नाहीत. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढची असतील तर त्या दोघांत मिळून पाच लाख.

म्हणून "आमच्या घराचं कार्ड हाय, म्हातारीचं वेगळं कशाला?" असं म्हणू नका. वेगळं काढायचं. सुनेच्या ऑपरेशनला घराचे पैसे खर्च झाले तरी म्हातारीचे शिल्लक राहतात.

या कार्डाला फक्त आधार लागतं. वयही आधारवरचंच धरतात. आता आपल्या म्हाताऱ्यांचं आधार बघा. जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती, कॅम्पमध्ये बसलेल्या पोरानं चेहरा बघून वय टाकलं. पुष्कळांचा वाढदिवस १ जानेवारीलाच. नातवंडं शाळा सोडून कामाला लागली तरी आजी कागदावर ६४ वर्षांची. जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून घाईत अंदाजाने बदलू नका. आधी पुरावा शोधा. जुना शाळेचा दाखला असेल तर बघा. तहसीलात जुन्या कोतवाल बुकात जन्माच्या नोंदी असतात. जातीच्या दाखल्यासाठी आपण ती चाळलीच आहेत. त्याच नोंदीवरून वयाचा कागद उभा करता येतो का, हे आधी विचारून घ्या.

दुसरी अडचण बोटांची. जन्मभर विळा-कोयता धरून, माती उकरून बोटांच्या रेघा झिजल्या. मशीनवर ठसा उमटत नाही आणि केंद्रावरचा माणूस म्हणतो, "होत नाही, उद्या या." उद्या म्हणजे पुन्हा एक रोज बुडाला. त्याला सांगा, ठसा नाही तर डोळ्याचं किंवा चेहऱ्याचं घ्या, नाहीतर मोबाईलवर नंबर मागवा. हे सगळे मार्ग सरकारनेच दिलेले आहेत. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर काम सोपं जातं. तो नंबर घरातल्याच माणसाचा असावा, मुकादमाचा नसावा.

कार्ड आपले सरकार केंद्रावर निघतं, योजनेतल्या दवाखान्यात निघतं, आणि आशाताईच्या मोबाईलवरही निघू शकतं. कार्ड काढायला पैसे नाहीत.

दवाखान्यात गेल्यावर

आधी विचारा, मग माणूस उतरवा. दाराशीच विचारायचं : "हा दवाखाना योजनेत आहे का? आरोग्यमित्र कुठं बसतात?" योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस नेमलेला असतो. आपले कागद बघून नोंद करायची आणि मंजुरी मागायची हे त्याचं काम आहे. त्याच्याकडे रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र द्या. जीव धोक्यात असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतो. "आधी कागद आणा, मग हात लावतो" असं चालत नाही.

योजनेत नोंद झाल्यावर त्या उपचाराचे पैसे मागता येत नाहीत. ऑपरेशन, खाट, तपासण्या, औषधं, पेशंटचं जेवण, सगळं धरलेलं असतं. सुट्टी झाल्यावर घरी जायचं एसटीचं भाडंही त्यात आहे. हे भाडं मागायची आपल्याला लाज वाटते. लाज कसली? नाशिकहून सुरगाण्याला जायला पैसे लागतात.

पैसे मागितले तर भांडू नका, पावती मागा. "योजनेत बसत नाही" म्हणाले तर ते लिहून मागा. आणि तिथूनच फोन लावा : १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. आयुष्मान कार्डासाठी १४५५५. हे फोन फुकट आहेत. घराच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. गाडीसाठी १०८.

आणखी एक. कार्ड गावालाच चालतं असं नाही. माणूस पेठचा असला तरी सायखेड्यात काम करताना पडला तर नाशिकमधल्या कुठल्याही योजनेतल्या दवाखान्यात त्याला घ्यावं लागतं. म्हणून कामाला निघताना पेटीत कुलूप लावून येऊ नका. रेशनकार्डाची झेरॉक्स आणि म्हाताऱ्यांची कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून संगं आणा. तांदळाचं गाठोडं जसं विसरत नाही, तसं हेही विसरायचं नाही. आणि कार्ड मुकादमाकडं किंवा मालकाकडं ठेवायला देऊ नका.

कार्डाने काय होत नाही

खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. हा विमा दवाखान्यात भरती झालेल्या माणसासाठी आहे. नुसतं तपासून गोळ्या आणायच्या तर त्याला तो चालत नाही, त्यासाठी पहिला दरवाजा. पाड्यावरून गाडी नाही, पुराच्या दिवसांत ओढा ओलांडता येत नाही, माणसाला झोळी करून आणावं लागतं, यावर कार्डाकडे उत्तर नाही. संगं राहणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज कार्ड देत नाही. आणि योजनेतले बरेचसे मोठे दवाखाने शहरात आहेत, आपण आहोत डोंगरात.

काही साथी म्हणतात, "सरकार खासगी दवाखान्याला पैसे देतं, त्यापेक्षा आपलं आरोग्य केंद्र नीट चालवा." बरोबर आहे. हीच आपली मागणी आहे आणि राहील. उपकेंद्राला नर्स पाहिजे, केंद्राला डॉक्टर रात्री मुक्कामी पाहिजे, सापाची लस पाहिजे. पण मागणी पूर्ण होईपर्यंत आपल्या म्हातारीने खाटेवर पडून राहावं का? आपण वनखात्याशी भांडलो आणि दाव्याचा फॉर्मही भरला. दोन्ही केलं म्हणून पट्टे आले. इथंही दोन्ही करायचं.

ही सरकारची मेहेरबानी आहे असं मानून हात जोडायचे नाहीत. जमीन मागताना आपण भीक मागितली नाही, दावा लावला. दवाखान्यातही दावाच लावायचा. दावा लावायला कागद लागतो आणि कागद आजारपण येण्याआधी तयार ठेवावा लागतो.

आता काय करायचं

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. पाड्यापाड्याची साठीपुढच्या माणसांची यादी करा. वहीत चार रकाने आखा : रेशनकार्डावर नाव आहे का, आधारवर वय किती आहे, मोबाईल जोडला आहे का, कार्ड निघालं का. ही वही पाड्यावरच्या शिकलेल्या पोरीकडे द्या. त्या चोख ठेवतात, हा आमचा अनुभव आहे. मग ठराव करा की अमुक दिवशी कार्ड काढणाऱ्याने मशीन घेऊन पाड्यावर यावं. झिजलेल्या गुडघ्यांच्या माणसांनी तालुक्याला हेलपाटे का घालायचे?

ज्या गावांना पेसा लागू आहे, सुरगाणा, पेठ, कळवण हे सबंध तालुके आणि बाकी तालुक्यांतली काही गावं, तिथं ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के निधीतला वाटा मिळतो. त्यातून कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचं असतं आणि आरोग्य हा त्यातला एक विषय आहे. पेशंटला रस्त्यापर्यंत न्यायची सोय यातून होते का, हे ग्रामसभेत विचारा. दरवेळी पेव्हर ब्लॉकच कशाला?

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. यादी करायला म्हाताऱ्यांसमोर बसाल तेव्हा नुसतं वय विचारून उठू नका. वनहक्क नियमाच्या १३ व्या कलमात पुराव्यांची यादी आहे. त्यात दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा धरला आहे. एकाहून जास्त पुरावे जोडायचे असतात, त्यात हा एक पक्का. कुठल्या झाडाखाली खळं होतं, कुठला बांध कुणाच्या बापाने घातला, जंगलखात्याने कुठल्या साली दंड घेतला, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. वनहक्क समितीसमोर लिहून घ्या, वाचून दाखवा, अंगठा घ्या, तारीख टाका. त्याच बैठकीत कार्डही निघेल आणि जबाबही होईल.

सायखेड्याचा तो म्हातारा आता काठीवर चालतो. आम्ही त्याच्या खाटेजवळ बसून तीन दाव्यांचे जबाब लिहून घेतले. उठताना तो म्हणाला, "माझं हाड मोडलं तवा तुम्ही आला. पुढच्याच्या टायमाला आधी या."

साथींनो, आपण आधी जाऊ.